हुल्दाचं नाव आणि गाळलेली सात वचनं

बायबलमधल्या लेवीय ग्रंथाच्या ११व्या अध्यायात निषिद्ध प्राण्यांची लांबलचक यादी आहे. तिच्या २९व्या वचनात जमिनीलगत वावरणारे तीन जीव एकापाठोपाठ येतात: होलेद, अखबार आणि त्साव. अखबार म्हणजे उंदीर, त्यावर वाद नाही. त्साव म्हणजे मोठा सरडा असं सहसा मानतात. होलेद नेमका कोणता, यावर मात्र जुन्यानव्या पंडितांचं एकमत नाही. कुणी म्हणतं तो वीझल, म्हणजे मुंगसासारखा लांबट अंगाचा, बिळात शिरून उंदीर धरणारा प्राणी. कुणी म्हणतं तो मोल, माती पोखरत जमिनीखाली राहणारा. आजच्या बोलीतल्या हिब्रूत तर होलेदचंच स्त्रीलिंगी रूप ‘हुल्दा’ म्हटलं की मोठा उंदीरच डोळ्यांपुढे येतो.

हे नाव बायबलमध्ये एका स्त्रीचं आहे. दुसऱ्या राजे ग्रंथाच्या २२व्या अध्यायात ती भेटते. यहूदा राज्याच्या गादीवर योशीया आहे. आठव्या वर्षी राजा झालेला हा तरुण आता सव्वीस वर्षांचा आहे. त्याच्या कारकिर्दीचं १८वं वर्ष चालू आहे, म्हणजे इ.स.पूर्व ६२२च्या आसपासचा काळ. यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी निघाली आहे, सुतार-गवंड्यांना द्यायच्या पैशांचा हिशेब होतो आहे, आणि त्या धामधुमीत मुख्य याजक हिल्कीया राजाच्या चिटणीसाला, शाफानाला सांगतो की मंदिरात नियमशास्त्राचं पुस्तक सापडलं आहे. शाफान ते वाचतो आणि मग राजाला वाचून दाखवतो. राजा ऐकता ऐकता अंगावरची वस्त्रं फाडतो, कारण त्यात लिहिलेलं खरं असेल तर आपल्या वाडवडिलांनी ते पाळलेलंच नाही, हे त्याला उमगतं. तो पाच जणांना हुकूम करतो: जा, या पुस्तकाविषयी परमेश्वराला विचारा.

कुणाकडे जाऊन विचारायचं ते राजा सांगत नाही. मुख्य याजक हिल्कीया, चिटणीस शाफान, शाफानाचा मुलगा अहीकाम, मीखायाचा मुलगा अकबोर आणि राजसेवक असाया हे पाचही जण उठून हुल्दा संदेष्ट्रीकडे, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्या स्त्रीकडे जातात. ती वस्त्रागाराचा कारभार पाहणाऱ्या शल्लूमची बायको. शहराच्या मिश्ने नावाच्या भागात राहते. यिर्मयाला संदेष्टा म्हणून उभं राहून तेव्हा पाच वर्षं झाली होती. तो योशीयाच्या १३व्या वर्षापासून बोलत होता, हे त्याच्याच ग्रंथाच्या आरंभी लिहिलं आहे. सफन्याही योशीयाच्याच काळातला. तरी राज्यातले सर्वांत मोठे पाच अधिकारी गेले ते तिच्या घरी. ग्रंथकार याचं कारण देत नाही, आश्चर्य दाखवत नाही, सारवासारवही करत नाही. मुख्य याजकाला एका बाईकडून शास्त्राचा निर्णय घ्यावा लागला, यात ग्रंथकाराला सांगण्यासारखं वेगळं काही वाटलेलं नाही.

हा प्रसंग किती मोठा आहे ते समजून घ्यायला हवं. मंदिरात सापडलेलं ते पुस्तक म्हणजे बायबलमधल्या आजच्या ‘अनुवाद’ (ड्युटेरॉनॉमी) नावाच्या ग्रंथाचं जुनं रूप असावं, असं जर्मन अभ्यासक डे वेट्टे यांनी १८०५मध्ये मांडलं आणि बायबलच्या अभ्यासात तो विचार मोठ्या प्रमाणावर मानला गेला. तो मान्य असो वा नसो, घडलं ते असं की एक लिखित ग्रंथ समोर ठेवून ‘हे देवाचं वचन आहे का, आणि आपल्याला लागू आहे का’ असं विचारलं गेलं, आणि त्याचं उत्तर एका स्त्रीनं दिलं. तिनं होय म्हटलं, त्या पुस्तकावर राष्ट्राचा देवाशी करार उभा राहिला. शास्त्राला शास्त्र म्हणून मान्यता देण्याचा असा प्रसंग बायबलमध्ये त्याआधी मला दिसत नाही.

आता नावाकडे. तिच्या दारात उभ्या राहिलेल्या पाच जणांची नावं पुन्हा वाचा. अकबोर हे नाव अखबारचंच भावंड आहे, म्हणजे उंदीर. शाफान म्हणजे खडकांच्या कपारीत राहणारा हायरॅक्स नावाचा सशाएवढा प्राणी. तोही लेवीयच्या त्याच ११व्या अध्यायात, ५व्या वचनात, निषिद्ध म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे निषिद्ध प्राण्यांची नावं लावणारे दोन पुरुष निषिद्ध प्राण्याचं नाव लावणाऱ्या एका स्त्रीकडे गेले, आणि त्यांतली उंदीर व होलेद ही दोन नावं तर यादीतल्या एकाच वचनात शेजारी शेजारी बसलेली आहेत. बायबलच्याच ‘इतिहास’ नावाच्या ग्रंथात हीच कथा सांगताना अकबोरच्या जागी मीखाचा मुलगा अब्दोन आला आहे, पण शाफान तिथंही आहे आणि हुल्दाही आहे.

हिब्रू समाजात अशी नावं सर्रास होती. राहेल म्हणजे मेंढी, याएल म्हणजे डोंगरातली रानशेळी, सिप्पोरा म्हणजे पाखरू, दबोरा म्हणजे मधमाशी. पुरुषांत योना म्हणजे पारवा आणि कालेब हे नाव कुत्र्याच्या शब्दाशी जुळणारं. कुत्रा हा त्या भाषेत शिवीसारखा वापरला जाणारा शब्द. गल्याथ दावीदाला विचारतो की काठ्या घेऊन यायला मी काय कुत्रा आहे? तरीही कालेबच्या नावावरून त्याच्या निष्ठेचं मोजमाप कुणी केलं नाही. शाफानाच्या घराण्याचंही तसंच. त्याचा मुलगा अहीकाम यानं यिर्मयाचा जीव वाचवला. दुसरा मुलगा गमऱ्या याच्या दालनातून यिर्मयाची गुंडाळी लोकांना वाचून दाखवली गेली. १९८२मध्ये यरुशलेमच्या दावीदनगरातल्या उत्खननात ‘गमऱ्याहू बिन शाफान’ असा ठसा असलेली मातीची मुद्रा सापडली. कपारीतल्या प्राण्याचं नाव त्या घराण्यानं शिक्क्यावर कोरून मिरवलं. आपल्याकडे लांडगे, कोल्हे, कावळे, घोरपडे ही आडनावं ऐकून कुणी त्या घरांचा स्वभाव ठरवत नाही, तसंच ते होतं.

मग हुल्दाच्याच नावाला बोल का लागला? तो लागला तिच्यानंतर जवळपास नऊशे वर्षांनी, बॅबिलोनियात. तालमूद म्हणजे ज्यू रब्बींच्या शास्त्रचर्चांचा मोठा संग्रह. त्याच्या मगिल्ला या भागात इस्राएलातल्या सात संदेष्ट्रींची गणना आहे: सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा आणि एस्तेर. त्याच चर्चेत रब्बी नहमान यांचं एक मत नोंदलं आहे. स्त्रियांना ताठा शोभत नाही, असं ते म्हणतात. दोन स्त्रिया ताठ्यानं वागल्या आणि दोघींची नावं ओंगळ आहेत, एक गांधीलमाशी आणि दुसरी वीझल. दबोरेचा ताठा काय, तर तिनं सेनापती बाराकाला निरोप धाडून बोलावून घेतलं, स्वतः त्याच्याकडे गेली नाही. हुल्देचा ताठा काय, तर ती म्हणाली, ‘तुम्हाला ज्या माणसानं पाठवलं त्याला सांगा’. तिनं राजा न म्हणता माणूस म्हटलं.

हा आरोप मूळ वचनांपुढे टिकत नाही. ‘त्या माणसाला सांगा’ हे शब्द २२व्या अध्यायाच्या १५व्या वचनात आहेत. तीनच वचनं पुढे, १८व्यात, ती ‘तुम्हाला ज्या यहूदाच्या राजानं पाठवलं’ असं स्वच्छ म्हणते. पहिल्या भागात ती सगळ्या देशावर येणारा कोप सांगते. तिथं योशीया इतरांसारखाच एक माणूस आहे. दुसऱ्या भागात त्याच्या स्वतःच्या नम्रतेबद्दल सांगते, तिथं त्याला राजा म्हणते. संदेष्ट्यांनी राजांशी असंच बोलायचं असतं. नाथान दावीदाला तोंडावर ‘तो माणूस तूच आहेस’ म्हणतो, तेव्हा त्याच्या धैर्याची वाहवा होते. एलीया अहाबाला ‘इस्राएलावर संकट आणणारा तूच’ असं सुनावतो. पुरुषाच्या तोंडी जे निर्भयपण, तेच बाईच्या तोंडी ताठा झालं. आणि ताठा एकदा ठरवला की त्याचा पुरावा तिच्या नावात सापडला. अकबोर आणि शाफान त्याच पानावर असताना तिकडे कुणाची नजर गेली नाही.

माझं म्हणणं असं आहे की हुल्दाचं नाव कधीच ओंगळ नव्हतं. तिनं वापरलेला अधिकार पचला नाही, म्हणून नावावर घाव बसला. नावाचा अर्थ सांगणं हे वरकरणी निरुपद्रवी विद्वत्तेचं काम वाटतं. पण ज्या माणसाचा अधिकार आपल्याला अडचणीचा वाटतो, त्याच्याच नावाची व्युत्पत्ती आपण खरवडायला बसतो का, हे अर्थ सांगणाऱ्यानं स्वतःला विचारलं पाहिजे.

रब्बी नहमान यांना एका वाक्यावरून स्त्रीद्वेष्टे ठरवणं मला पटत नाही. त्यांच्या घरची एक कथा तालमूदमध्येच बेराखोथ या भागात आहे. उल्ला नावाचे विद्वान त्यांच्याकडे जेवायला आले होते. जेवणानंतरच्या आशीर्वादाचा प्याला याल्तालाही पाठवा, असं नहमान यांनी पाहुण्याला सांगितलं. परंपरा याल्ताला त्यांची पत्नी मानते. उल्लांनी नकार दिला. स्त्रीला आशीर्वाद मिळतो तो पुरुषामार्फतच, असं शास्त्र त्यांनी पुढे केलं. ते ऐकून याल्ता उठली, द्राक्षारसाच्या कोठारात गेली आणि तिथले चारशे घडे फोडून आली. नहमान पुन्हा पाहुण्याला म्हणाले, तिला दुसरा प्याला पाठवा. अशा माणसाच्या तोंडूनही हुल्देबद्दल तो शेरा निघाला, यावरून ती समजूत किती खोल मुरलेली होती ते कळतं.

शिवाय ज्यू परंपरा म्हणजे तो एक शेरा नव्हे. तालमूदच्या त्याच पानावर हुल्देला राहाबेची वंशज ठरवणारं मत आहे. यरीहोतल्या राहाबेनं खिडकीला लाल दोरी बांधली. त्या दोरीसाठी हिब्रूत ‘तिक्वा’ हा शब्द आहे, आणि हुल्देच्या सासऱ्याचं नावही तिक्वा. याच शब्दाचा दुसरा अर्थ आशा. नावावरून नातं जुळवण्याची ही जुनी रीत. तिचा उपयोग इथं मान देण्यासाठी झाला. अरामी भाषांतरकारानं तर हुल्दा राहत होती त्या ‘मिश्ने’ भागाचा अर्थच ‘विद्यालय’ असा केला आणि तिला अध्ययनाच्या घरात नेऊन बसवलं. दबोरेच्या निमित्तानं एका जुन्या मिद्राशात, म्हणजे बायबलवरच्या रब्बींच्या विवेचनात, आकाश आणि पृथ्वी यांना साक्षी ठेवून सांगितलं आहे की परका असो वा इस्राएली, पुरुष असो वा स्त्री, दास असो वा दासी, ज्याच्या त्याच्या करणीप्रमाणे पवित्र आत्मा त्याच्यावर उतरतो. मध्ययुगातला ‘सेफेर हाखिनुख’ हा ग्रंथ निर्णय देण्यास योग्य अशा शहाण्या स्त्रीचा उल्लेख करतो. म्हणजे दारं बंद करणारी वचनं आहेत तशी उघडणारीही आहेत, आणि प्रत्येक पिढीनं कुठलं वचन पाठ केलं त्याला ती पिढी जबाबदार आहे.

नाव वाचवायचा एक सोपा मार्ग आहे आणि प्रवचनांत, मुलांच्या नावांच्या याद्यांत तो हमखास घेतला जातो. हिब्रूत ‘हेलेद’ असा एक शब्द आहे. स्तोत्रांमध्ये तो आयुष्य आणि जग या अर्थांनी येतो. अरबीत ‘खुल्द’ म्हणजे चिरंतनपण. उर्दू गझल ऐकणाऱ्यांना हा शब्द स्वर्गासाठी ओळखीचा असेल. तेव्हा हुल्दा म्हणजे ‘चिरंतन’, असं सांगून मोकळं होता येतं. मोह मोठा आहे. पण त्याच अरबीत ‘खुल्द’ म्हणजे जमिनीखाली राहणारा मोलही, आणि शेजारच्या सगळ्या नावांवरून पाहता हुल्देच्या आईबापांनी प्राण्याचंच नाव ठेवलं असावं, हे सरळ दिसतं. तिला मान द्यायला नाव गोंडस करावं लागत असेल तर नहमान यांचं गृहीतक आपण मान्यच केलं असं होईल: बाईचं नाव आधी शोभिवंत हवं, मगच तिचा शब्द ऐकायचा. मला तिचं नाव होलेदवरूनच हवं आहे. बिळात शिरून लपलेलं बाहेर काढणाऱ्या प्राण्याचं नाव आईबापांनी कौतुकानंही ठेवलं असेल.

यरुशलेममध्ये या ओढाताणीची दगडी खूणही आहे. मंदिराच्या दक्षिण तटाला दोन हुल्दा दरवाजे होते आणि लोक त्यांतून येत-जात, असं मिश्ना, म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेली रब्बींची नियमसंहिता सांगते. १९६८पासून बेन्यामीन मझार यांनी त्या तटापाशी उत्खनन केलं आणि दरवाजांकडे चढणाऱ्या रुंद पायऱ्या उघड्या पडल्या. दरवाजे आज चिणलेले आहेत. ते नाव संदेष्ट्रीवरून पडलं, असं काही मानतात. तिथून वर जाणारी वाट बिळासारखी जमिनीखालून जात असल्यामुळे ते प्राण्यावरून पडलं, असं दुसरे म्हणतात. नगरात कबरी ठेवायच्या नाहीत असा दंडक असताना दावीदाच्या घराण्याच्या आणि हुल्दा संदेष्ट्रीच्या कबरीला कुणी हात लावला नाही, असं तोसेफ्ता या मिश्नेच्या जोडीच्या संग्रहात नोंदलं आहे. त्या शहरानं राजघराण्याच्या जोडीला तिला ठेवलं होतं, एवढं तरी यावरून दिसतं.

आता खरा प्रश्न. शास्त्राचा अर्थ लावायचा, त्यावरून निर्णय द्यायचा अधिकार स्त्रीला आहे की नाही? ज्यू धर्मशास्त्रात हा वाद दबोरेवरून पेटला, कारण शास्ते ग्रंथ स्पष्ट म्हणतो की एफ्राईमाच्या डोंगराळ प्रदेशात, रामा आणि बेथेल यांच्यामध्ये, ती ताडाखाली बसे आणि इस्राएल लोक निवाड्यासाठी तिच्याकडे जात. तालमूदवर टीका लिहिणाऱ्या मध्ययुगातल्या तोसाफोथ पंडितांपुढे पेच पडला: स्त्रीला न्यायाधीश होता येत नाही असा नियम, मग दबोरेचं काय? उत्तरं अनेक निघाली. ती निवाडा करत नसे, फक्त नियम शिकवत असे. किंवा लोकांनी तिला आपखुशीनं मान्य केलं होतं. किंवा तिच्यासाठी देवाची खास आज्ञा होती. १६व्या शतकातल्या शुल्हान आरूख या संहितेनं नियम पक्का केला की स्त्री न्यायदानास अपात्र.

ही जुनी पोथीतली गोष्ट राहिलेली नाही. इस्राएलात ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट १९५३च्या कायद्यानं रब्बींच्या न्यायालयांकडे आहेत आणि तिथं न्यायासनावर आजही फक्त पुरुष बसतात. नवऱ्यानं घटस्फोटपत्र अडवून धरलं तर बाईला दाद मागायची ती या पुरुषांपुढेच. न्यायासनावर कोण बसतो यानं किती फरक पडतो, हे मराठी बोलणाऱ्या ज्यूंना चांगलं ठाऊक आहे. कोकणातून मुंबईत आणि तिथून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांच्या लग्नांवर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींनी अट घातली: इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या वंशाची पिढ्यान् पिढ्या मागे चौकशी करा. शनिवार पाळत आलेल्या, तेलाचे घाणे चालवणाऱ्या ‘शनिवार तेल्यां’च्या लेकरांना आपलं ज्यूपण सिद्ध करायला सांगितलं गेलं. १९६४मध्ये त्यांनी यरुशलेमच्या रस्त्यावर उतरून आंदोलन केलं, प्रकरण संसदेत गेलं, आणि मग त्या आदेशातून बेने इस्राएलांचं नाव निघालं. शास्त्राचा अर्थ लावणारे हात कुणाचे आहेत, यावर आपल्या पोराबाळांची लग्नं अडतात.

हुल्दा आणि दबोरा अपवाद होत्या, असं उत्तर ज्यूंकडे मिळतं तसं चर्चमध्येही मिळतं. अपवाद असता तर मूळ कथेनं तसं सांगितलं असतं. बायबलला अपवाद सांगता येत नाही असं मुळीच नाही. सलाफहादाच्या मुलींना वारसा मिळतो तेव्हा त्या मोशेपुढे येऊन मागणी करतात, मोशे देवाला विचारतो आणि मग नियम होतो. हुल्देच्या बाबतीत यातलं काही नाही. तिचा परिचय पुरुष संदेष्ट्यासारखाच येतो: नाव, काम, घराणं, पत्ता. पाच अधिकारी आले, तिनं बोलायला सुरुवात केली ती ‘परमेश्वर असं म्हणतो’ या शब्दांनी, आणि ते तिचा शब्द घेऊन राजाकडे परतले. तालमूदनं आणखी एक स्पष्टीकरण दिलं आहे: स्त्रिया कनवाळू असतात म्हणून राजानं तिच्याकडे पाठवलं. पण तिनं सांगितलं काय? या ठिकाणावर मी अरिष्ट आणीन, माझा कोप भडकेल आणि विझणार नाही. योशीयाला तेवढी सवलत मिळाली की ते त्याच्या डोळ्यांदेखत घडणार नाही. कनवाळूपणाचा आधार घेणाऱ्यांनी हा निरोप पुन्हा वाचावा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. हुल्देच्या शब्दानंतर योशीयानं जी धर्मशुद्धी केली ती रक्तपाताची होती. पुढच्याच अध्यायात तो उच्चस्थानांच्या, म्हणजे यरुशलेमबाहेरच्या पूजास्थानांच्या याजकांना त्यांच्याच वेदींवर मारतो. स्त्रिया ज्यांत अशेरा देवीसाठी वस्त्रं विणत त्या खोल्या पाडून टाकतो. अनुवाद ग्रंथात लढाईत पकडून आणलेल्या बाईचे, कौमार्याच्या पुराव्याचे जे नियम आहेत ते वाचून आज अंगावर काटा येतो. म्हणून हुल्देला आजच्या स्त्रीमुक्तीची पताका देण्यात अर्थ नाही. ती तिच्या काळातली, तिच्या देवाची संदेष्ट्री होती. माझा मुद्दा तेवढाच आहे जेवढा तो अध्याय सांगतो: त्या समाजातल्या सर्वोच्च याजकाला शास्त्राचा निर्णय स्त्रीकडून घेण्यात काही गैर वाटलं नाही, आणि त्याच शास्त्राच्या नावानं पुढे स्त्रीला गप्प बसवलं गेलं.

मराठीत हा अध्याय पंडिता रमाबाईंच्या हातून गेला, याचं मला फार मोल वाटतं. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. तिथं बाईच्या विद्येवर पुरुषांची मोहोर उमटली. हुल्देच्या घरी उलट घडलं, पुरुषांनी आणलेल्या ग्रंथावर बाईनं मोहोर उमटवली. रमाबाईंना दोन्ही बाजू अनुभवाला आल्या. इंग्लंडात चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली आणि रमाबाईंनी पत्रांतून त्याला सडेतोड उत्तर दिलं. उतारवयात त्या केडगावला हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२मध्ये त्या गेल्या. मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्या बायबलाचं काम बायकांनी केलं. टाकून दिलेल्या, दुष्काळातून उचलून आणलेल्या स्त्रियांनी हुल्देची ती वचनं खिळ्याखिळ्यानं जुळवली. त्यांना ती गाळावीशी वाटली नाहीत.

गाळली ती इतरांनी. कॅथलिक चर्चच्या दैनंदिन वाचनक्रमात, सम क्रमांकाच्या वर्षांत, सामान्य काळाच्या १२व्या आठवड्यातल्या बुधवारी ही कथा वाचतात. वाचन २२व्या अध्यायाच्या ८व्या वचनापासून सुरू होतं, १३व्या वचनापर्यंत जातं आणि तिथून थेट २३व्या अध्यायाच्या पहिल्या तीन वचनांवर येतं. पुस्तक सापडतं, राजा वस्त्रं फाडतो, ‘जाऊन परमेश्वराला विचारा’ म्हणतो, आणि लगेच लोक गोळा होऊन करार करतात. विचारलं कुणाला, उत्तर काय आलं, हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. १४ ते २० ही सातच वचनं वगळली आहेत, आणि हुल्दा त्या सात वचनांतच आहे. ज्यूंच्या सिनेगॉगमध्येही इस्राएलबाहेर वल्हांडण (पासओव्हर) सणाच्या दुसऱ्या दिवशी वाचतात तो भाग २३व्या अध्यायातला आहे. तिथं योशीयाचा वल्हांडण सण येतो, हुल्दा येत नाही. कुणी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, वाचन लांबू नये एवढाच हेतू असेल. पण लांबी कमी करायची तर कथेचा कणा काढून घ्यायचा, हे मला समजत नाही. संदेष्ट्री वजा केली की राजाच्या घाबरण्याचा आणि कराराचा सांधाच उरत नाही.

स्त्रीला याजकपद द्यायचा अधिकार चर्चला नाही, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४मध्ये लिहिलं. तो वाद वेगळा आहे आणि ही सात वचनं वाचली जावीत या माझ्या मागणीसाठी तो सोडवायची गरज नाही, कारण हुल्दा याजक नव्हतीच. २०२१च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचकाचं पद अधिकृतपणे स्त्रियांना खुलं केलं. वसईतल्या मराठी मिस्सेत बाया वेदीजवळ उभ्या राहून वचन वाचतात आणि चांगलं वाचतात. त्या बुधवारी वाचणाऱ्या बाईला १३व्या वचनावर थांबून सात वचनं ओलांडावी लागतात, ती सातही एका बाईच्या अधिकाराबद्दलची. २२व्या अध्यायाच्या ८व्या वचनापासून २३व्याच्या ३ऱ्यापर्यंत सलग वाचलं तरी ती अवघी सोळा वचनं होतात. त्याहून मोठी वाचनं चर्चमध्ये नेहमी होतात. वाचनक्रमाची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा १४ ते २० ही वचनं त्या दिवसाच्या वाचनात घालावीत. तोवर धर्मग्रामांतल्या बायबलवर्गांत, घरच्या प्रार्थनेत आणि सिनेगॉगमधल्या अभ्यासात हा अध्याय अखंड वाचला जावा. मुलांनी ‘हुल्दा म्हणजे काय’ असं विचारलं तर वीझल किंवा मोल, जे आपल्याला पटतं ते बिनधास्त सांगावं, आणि अकबोर म्हणजे उंदीर हेही सांगावं.